फाट्यावरचा बुधवार

बबनराव पाटलांच्या जोडीतला पांढरा बैल चैतातल्या एका मंगळवारी दुपारी गोठ्यात मेला. सांजेपर्यंत उकंडाकडे तीनदा निरोप आला.

पहिल्यांदा पाटलांचा गडी आला तेव्हा उकंडा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. त्याने धोटा थांबवला नाही. गड्याने बैलाचं सांगितलं. उकंडाने चार धागे विणले आणि मान वर न करता म्हटलं, "पाटलाले सांगजो, ते काम आमी सोडलं." दुसऱ्यांदा गडी अंगणापर्यंत आला. तिसऱ्यांदा वाटेवरूनच बोलून गेला.

सून पंचफुला भिंतीशी बसून धोट्याच्या कांड्यांवर सूत भरत होती. सासऱ्याचा आवाज चढला नव्हता, याचंच तिला नवल वाटत होतं. दसऱ्याला घरातले तिघे, उकंडा, त्याचा मुलगा नागोराव आणि ती, अर्धं पायी अर्धं रेल्वेने नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले होते. तिथून आल्यावर म्हाताऱ्याने फार काही बदललं नव्हतं. फक्त पाटील वाटेत भेटले तर वाकून जोहार घालणं सोडलं होतं. तो नुसता बाजूला उभा राही, आणि पाटीलही दुसरीकडे पाहत निघून जात. आता मात्र गोष्ट बैलापर्यंत आली होती. शेवटी पाटलांच्या दोघा गड्यांनीच बैल बंडीवर घालून नाल्यापलीकडे नेला.

दुसऱ्या दिवशी बुधवार. पळसढोहला बुधवारचा बाजार भरे तो गावाच्या आत, चावडीसमोरच्या मैदानात. आजूबाजूच्या वीस-बावीस गावांत तेवढाच एक बाजार. भाजीवाल्या पुढे, मग किराणा, मग कुंभार, आणि शेवटी पंचफुला. घरी विणलेल्या जाड पासोड्यांची चळत घेऊन ती बसायची. तिच्या घरची पासोडी चार हिवाळे टिकते असं सगळे म्हणत.

त्या बुधवारी कोणी थांबलं नाही. बाया जवळ येत, नजर पासोडीवर टेकवत आणि पुढे सरकत. दुपारी बाजाराच्या ठेकेदाराचा माणूस आला आणि हळूच म्हणाला की आजपासून तुझा बाजार बंद. कोणी सांगितलं म्हणून तिने विचारलं, तर त्याने हनुवटीने चावडी दाखवली. शिवी नाही, ओरडा नाही. ती पासोड्या बांधून देवीलालच्या दुकानापुढे मिठासाठी उभी राहिली. देवीलालचं किराणा दुकान गावातलं सगळ्यात मोठं. त्याचा बाप मारवाडातून आलेला, तो स्वतः मात्र इथेच वाढलेला. तिच्यामागून आलेल्या पाचजणींना त्याने मीठ तोललं. ती पदरात वाटी धरून उभी. ऊन कलल्यावर देवीलालने तिच्याकडे न पाहता सांगितलं, "आज मीठ नाही, बाई." पुढ्यात मिठाची रास होती. बोलताना त्याचाच चेहरा उतरला होता. पंचफुला वाटी पदराखाली घेऊन घरी आली. त्या रात्रीचं आणि दुसऱ्या दिवसाचंही वरण अळणी झालं. उकंडा तेच जेवला.

पण खरी अडचण मिठाची नव्हती. मीठ दूरच्या गावाहूनही आणता आलं असतं. माग चालायचा तर पांजण करायला लांब मोकळी जागा लागते. ताणा पंधरा-वीस हात ताणून बांधायचा, त्याला कुंच्याने ज्वारीची खळ लावायची, धागा धागा सुटा करत उन्हात वाळवायचा. आजवर हे काम पाटलांच्या आमराईत व्हायचं. तिसऱ्या दिवशी नागोराव खुंट्या घेऊन गेला, तर आमराईच्या तोंडाशी बाभळीच्या काट्या पसरल्या होत्या. तो परत आला आणि खुंट्या अंगणात टाकून बसला. पांजणाशिवाय माग म्हणजे नुसतं लाकूड.

आठ दिवसांनी त्याने सांगून टाकलं की तो वणीकडे चुन्याच्या भट्टीवर जातो. पंचफुलाने अडवलं नाही. घरात ज्वारी सरत आली होती.

तो गेल्यावर सासरा-सून दोघं जागा शोधायला निघाली. गावापासून अर्ध्या कोसावर मोठी सडक होती. पळसढोहची पांदण तिला जिथे मिळते तो फाटा. तिथे एक निंबाचं झाड, एक तट्ट्याची सपरी आणि सपरीत अब्दुल गनी. अब्दुल गनी बैलांना नाल ठोकायचा, बंडीच्या चाकांना लोखंडी धाव बसवायचा. सडकेच्या कडेची जमीन कुणा एकाची नव्हती. पंचफुलाने खुंट्या रोवल्या. उजाडायच्या आधीच दोघांनी ताणा ताणला. उकंडा एका टोकाला, ती दुसऱ्या टोकाला, मधे खळ लावत जायचं आणि परत यायचं. सूर्य वर आला तेव्हा तिच्या कोपरापर्यंत खळ वाळून कडक झाली होती आणि म्हातारा ताण्याच्या टोकाशी खाली बसला होता.

अब्दुल गनी सपरीतून बराच वेळ पाहत होता. मग रांजणातलं पाणी घेऊन आला. उकंडाने ओंजळ पुढे केली, तर त्याने लोटाच हातात दिला आणि पंचफुलाला म्हणाला, "बाई, धूप में कायको खडे? सुखने दो उसको. इदर छाव में बैठो."

ताणा वाळेपर्यंत सडकेने सात-आठ बंड्या गेल्या. एक बंडीवाला नाल ठोकायला थांबला. बैलाला पाडून पाय बांधले, अब्दुल गनी हातोडी चालवत होता तोवर त्या माणसाला दुसरं काम नव्हतं. तो ताण्याजवळ आला, बोटांनी धागा दाबून पाहिला आणि तयार पासोडी हाये का म्हणून विचारलं. पुढच्या फेरीला पंचफुलाने दोन आणल्या. दोन्ही गेल्या.

मग ती बुधवारी तिथेच बसू लागली. बाजाराला जाणारी माणसं फाट्यावरूनच जात. ती कुणाला हाक मारत नसे. निंबाखाली पासोड्या पसरायची आणि मधल्या वेळात कांड्या भरायची.

पहिला सोबती आला तो डोमाजी. डोंगराकडच्या कोलामपोडावरचा, कोलाम आदिवासींच्या वस्तीतला हा बुटका म्हातारा बांबूच्या टोपल्या, सुपं घेऊन यायचा. पळसढोहच्या बाजारात ठेकेदाराचा माणूस चळतीत हात घालून बरी दिसेल ती टोपली उचलायचा आणि किती उचलायच्या याला काही धरबंध नसे. डोमाजी कमी बोलायचा. एका बुधवारी तो फाट्यावर थांबला, पंचफुलापासून चार हातांवर टोपल्या उतरवल्या आणि विचारलं, "इथी कोन उचलते?"

"इथी कोनी नाही उचलत," ती म्हणाली.

डोमाजी बसला. पुढल्या बुधवारी पोडावरचे आणखी दोघे आले. दिवाळीपर्यंत एक कुंभार आला, कारण गावापर्यंतच्या पांदणीत गाळात बंडी फसून त्याची अर्धी मडकी फुटली होती. मग दोन भाजीवाल्या. कोणी ठरवून काही केलं नाही. ज्याला गावात त्रास होता तो आधी आला, आणि ज्याला फक्त पांदण नको होती तो मागून.

दोन वर्षांनी एस. टी. सुरू झाली. गाडी काही पळसढोहात शिरत नव्हती, फाट्यावर थांबायची. उतरणारी माणसं तिथेच खरेदी करून तिथूनच परतीची गाडी धरू लागली. नागोराव भट्टीवरून महिन्याला एकदा येई. त्याचे पाय चुन्याने खाल्लेले असत. टाचांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या जखमा. पंचफुला त्यांना तेल लावायची. तो निंबाखालची गर्दी पाहायचा आणि म्हणायचा की हे जास्त दिवस चालू देणार नाहीत.

त्याचं खरं ठरलं. गावातला बाजार निम्म्यावर आला, ठेका घ्यायला कोणी पुढे येईना, आणि बबनराव पाटील, जे आता सरपंचही होते, त्यांनी गावात दवंडी दिली की फाट्यावरचा बाजार बेकायदा आहे. पुढच्या बुधवारी सहा माणसं आली. त्यांनी डोमाजीच्या टोपल्या, कुंभाराची मडकी, पंचफुलाच्या नऊ पासोड्या बंडीत भरल्या. अब्दुल गनीचा भाताही उचलला. तो म्हणाला की मी काही बाजार मांडत नाही, मी वीस वर्षांपासून नाल ठोकतो. त्यांनी ऐकलं नाही. माल चावडीत ठेवला आणि सांगितलं की पुन्हा बसणार नाही असं लिहून द्या आणि घेऊन जा.

त्याच आठवड्यात नागोराव घरी आला होता. घडलेलं सगळं त्याने ऐकलं. मग म्हणाला, "चाल माझ्यासंगं भट्टीवर. मामालेबी नेऊ. तिथी कोनी जात पुसत नाही."

मामा म्हणजे तिचा सासरा. नागोराव बापाविषयी तिच्याशी बोलताना तिचंच नातं वापरायचा.

पंचफुला त्याच्या टाचेला तेल लावत होती. "तिथी जागा देते कोन?" तिने विचारलं.

"मुकादम देते."

"त्याचं मन फिरलं तं?"

नागोरावने टाच मागे ओढली.

"मंग तिथूनबी उठाच लागन," ती म्हणाली. "मले अशी जागा पायजे का जिथून कोनाच्या मनावर उठा लागत नाही."

उकंडा खड्ड्यात बसून ऐकत होता. त्याने माग चालवायला सुरुवात केली. घरात तेवढाच आवाज राहिला. नागोराव दोन दिवसांनी एकटाच परत गेला, पण जाताना सांगून गेला की अर्ज करायचा असेल तर वणीला ये, मी सोबत येतो.

अर्ज शाळेच्या मास्तरांनी लिहून दिला. अब्दुल गनीने उर्दूत सही केली, डोमाजीने अंगठा दिला. पंचफुलाला नाव लिहिता येत नव्हतं. तिनेही अंगठा उठवला. वणीच्या कचेरीत नागोराव धरून ते चौघं सकाळपासून व्हरांड्यात बसले. साहेब तरुण होता, त्याने त्यांना आत बोलावून बाकावर बसवलं. सगळं ऐकून घेतलं. माल अडकवून ठेवणं बरोबर नाही म्हणाला आणि तशी चिठ्ठी दिली. पण बाजाराचं मात्र त्याच्या हातात नव्हतं. कायद्याने बाजार ग्रामपंचायतीचा. पंचायतीने ठराव केला तर विहीर देता येईल, रस्ता नीट करता येईल, जिनिंगवाल्यांना कापसाचा काटा लावायला सांगता येईल. ठरावाशिवाय काही नाही.

 परतताना अब्दुल गनीला हसू आलं. "मतलब, जिसकी शिकायत लेके गये, उसीका दस्तखत लेके आव."

चिठ्ठीमुळे माल सुटला. पासोड्यांना चावडीतल्या उंदरांनी कुरतडलं होतं. पंचफुलाने त्या उसवून पुन्हा सांधल्या. बुधवारी ती पुन्हा निंबाखाली बसली, पण आता दर बुधवारी सगळ्यांचे कान पांदणीकडे लागलेले असत, आणि नवीन कोणी येईना. अशी दोन वर्षं गेली.

मग पंचायतीची निवडणूक लागली. सात पंच, त्यांत दोन जागा बायांच्या. बायांच्या जागांवर आजवर पाटलांच्या घरातलीच नावं लागत आणि त्या बाया चावडीची पायरीसुद्धा चढत नसत. अर्ज भरायला पंचफुलाला डोमाजीने सांगितलं. तो म्हणाला की पोडावरची साठ मतं याच पंचायतीत आहेत आणि ती आजवर कोणी मागितलेलीच नाहीत. पंचफुला पोडावर गेली. डोंगर चढून जायला अर्धा दिवस लागला. तिने भाषण वगैरे केलं नाही. प्रत्येक दारात बसून पाणी प्यायली आणि आपण काय मागणार आहोत तेवढं सांगितलं. ती निवडून आली.

पहिल्या बैठकीला पंच सतरंजीवर बसले होते. पंचफुला आली तेव्हा कोणीही सरकलं नाही. ती दाराशी उंबऱ्याजवळ जमिनीवर बसली. उकंडाने त्या सकाळी तिला नवीन पासोडी दिली होती, खांद्यावर घ्यायला. ती तिने मांडीखाली घेतली. थंडी होती.

बाजाराचा विषय तिसऱ्या बैठकीला निघाला. बबनराव बोलायला लागले. त्यांनी कोणाला दोष दिला नाही. त्यांच्या आजोबांनी मैदान मोकळं करून हा बाजार भरवला होता. पहिल्या वर्षी आजोबांनी स्वतःच्या बंडीने भाजीवाल्यांना आणलं होतं. बाजार गेला तर गावात राहील काय, असं त्यांनी विचारलं. त्यांच्या डोक्यावरचे केस झडले होते, मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. पंचफुलाला त्यांच्याविषयी प्रथमच वाईट वाटलं. आपल्या आज्याने उभं केलेलं आपल्या डोळ्यांदेखत ओस पडणं काय असतं ते तिला कळत होतं.

मग देवीलाल बोलला. तोही पंच होता. त्याने एस. टी. सुरू झाल्यावर वर्षभरातच फाट्यावर गोदामासाठी जागा पाहून ठेवली होती, आता ती घेतलीही होती. त्याने सरळ मांडलं की सडक जिथे आहे तिथे बाजार जाणार, आपण म्हणू वा न म्हणू. ठराव केला तर विहीर मिळेल, कापसाचा काटा येईल, आजूबाजूचा माल वणीला जातो तो इथे थांबेल. फक्त बाजार शिस्तीत लागावा. सडकेकडची पहिली रांग जुन्या दुकानदारांना नेमून द्यावी, मागची भाजीवाल्यांना, आणि टोपल्या-पासोड्या वगैरे नाल्याकडे.

पंचफुलाने माणसं मोजली. पाटलांकडे तीन. देवीलालकडे दोन तरुण शेतकरी धरून तीन. सातवी ती. देवीलाल प्रथमच तिच्याकडे पाहत होता. हात वर केला तर पाच वर्षांपासून ज्यासाठी बसली तो बाजार आज होणार होता. डोमाजीला टोपल्या जप्त व्हायची भीती राहणार नव्हती, अब्दुल गनीचा भाता कोणी उचलणार नव्हतं. आणि ती सगळी नाल्याकडे जाणार होती.

ग्रामसेवकाने विचारलं, "बाई, तुमचं काय?"

ती उठून उभी राहिली, कारण बसून बोललं तर आवाज पोचेल की नाही याची तिला खात्री नव्हती.

"बाजार फाट्यावर न्या. माझा हात हाये. पन जागा कोनाले नेमून देऊ नका. जो आधी येईन तो आधी बसन. शेट असो, पाटील असो, का मी असो. हे ठरावात लिहा, नाही तं माझा हात नाही."

देवीलाल म्हणाला की असं कुठे असतं का. दुकानदाराला दर बुधवारी नवीन जागा कशी परवडेल. तो बराच वेळ समजावत राहिला. पंचफुला उभीच होती. तिचे पाय दुखायला लागले होते, पण आता बसलं तर नमतं घेतल्यासारखं होईल म्हणून ती बसली नाही.

शेवटी बबनराव बोलले. "लिहा," ते ग्रामसेवकाला म्हणाले. "बाजार माह्या हातून चालला, हे मले दिसून राह्यलं. पन एकाच्या हातातून काढून दुसऱ्याच्या हातात द्याचा नाही. ती म्हणते तसं लिहा."

त्यांनी ठरावाच्या बाजूने मात्र हात वर केला नाही. ठराव चार विरुद्ध तीन असा झाला. सही करताना पंचफुलाने अंगठा दिला नाही. गेल्या वर्षभरात मास्तरांकडून ती नाव लिहायला शिकली होती. अक्षरं चारच, पण तिला वेळ लागला, आणि सगळे थांबले.

विहीर खणायला सुरुवात झाली ती पुढच्या हिवाळ्यात. मुरूम टाकून मैदान सपाट केलं. जिनिंगवाल्यांनी कापसाचा काटा लावला, चहाची दोन दुकानं झाली. अब्दुल गनीने सपरीवर टिनाचे पत्रे घातले आणि पंपाचं सामान दुरुस्त करणारा एक कारागीर सोबत ठेवला. नागोराव भट्टी सोडून आला. उकंडाच्या मागाशेजारी दुसरा खड्डा खणला गेला.

मार्गशीर्षातल्या एका बुधवारी पंचायतीचा बाजार रीतसर भरायचा होता. त्या पहाटे उकंडाला ताप भरला. पंचफुलाने त्याला पेज करून दिली, पाय चेपले, नागोरावला त्याच्याजवळ बसवलं. या सगळ्यात ऊन हातभर वर आलं. पासोड्यांचं गाठोडं डोक्यावर घेऊन ती फाट्यावर पोचली तेव्हा मैदान भरलं होतं.

निंबाखाली, जिथे ती इतकी वर्षं बसली होती, तिथे इंदूबाई माळीण वांग्यांची टोपली मांडून बसली होती. पळसढोहच्या जुन्या बाजारात इंदूबाईची जागा सगळ्यात पुढे असे. ती आज प्रथमच फाट्यावर आली होती, आणि पहाटेच आली होती. पंचफुलाला पाहून ती गोंधळली आणि टोपली उचलायला लागली. डोमाजी शेजारून म्हणाला की हो, ही बाईचीच जागा. देवीलाल आपल्या पालाखालून पाहत होता. चहावाल्याने किटली खाली ठेवली. पंचबाई आता काय करते याकडे चार-दोन नाही, बऱ्याच जणांचे डोळे लागले होते.

पंचफुलाला ती जागा हवी होती. गाठोड्याने मान अवघडली होती, आणि त्या निंबाची सावली कोणत्या वेळी कुठे पडते ते तिला पाठ होतं.

"बस, इंदूबाई," ती म्हणाली. "तू आधी आली."

ती पुढे चालत गेली. किराणा, कापड, मडकी, बांगड्या ओलांडत ती शेवटच्या माणसापर्यंत पोचली. तिथे विहिरीचा उपसलेला मुरूम पडला होता आणि सावली नव्हती. तिने पायाने खडे सारले, गाठोडं सोडलं, पासोड्या पसरल्या आणि कांड्या भरायला घेतल्या.

थोड्या वेळाने एस. टी. आली. गाडीतून उतरलेली एक अनोळखी बाई डोक्यावर शिंगाड्याची पाटी घेऊन रांगेच्या कडेने येत होती. जागा शोधत शोधत ती पंचफुलाच्याही पुढे आली, थांबली, इकडेतिकडे पाहिलं.

"इथी बसाचं तं कोनाले पुसा लागते, बाई?"

पंचफुलाने आपलं गाठोडं हातभर अलीकडे ओढलं.

"कोनालेच नाही," ती म्हणाली. "बस."